बोटांवरचा कागद

कारखान्यात त्याला सगळे टेस्टर म्हणत. पगाराच्या चिठ्ठीवर त्याचं वेगळं नाव होतं, पण ते महिन्यातून एकदाच कामाला येई. शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी कायम टेस्टर खोचलेला असे, म्हणून तो टेस्टर. गंमत अशी, की तो कारखानाच पेनांचा होता. तिथून रोज खोक्यांवर खोकी भरून पेनं बाहेर पडत, आणि देखभाल विभागातल्या या इंजिनिअरवर सही करायची वेळ आली की तो शेजारच्याकडे हात पसरी.

पेनांचा कारखाना म्हटलं की लोकांना हसू येतं. त्यात काय एवढं, असं वाटतं. पण लाइनच्या एका टोकाला प्लास्टिकचे दाणे ओतले जात आणि दुसऱ्या टोकाला पेनं खोक्यात बसून तयार होत, मधे माणसाचा हात म्हणून लागत नसे. कुठे गोल भांडी थरथरत टोपणं एका तोंडाला लावून उभी करत, कुठे शाईच्या कांड्या आपापल्या नळीत जाऊन बसत, कुठे यंत्राचा एक हात दहा पेनं उचलून दुसऱ्या पट्ट्यावर ठेवी. या सगळ्याची हाडं सांभाळायला फिटर होता आणि नसा सांभाळायला टेस्टर. मोटर, वायरिंग, टोपण आलं की नाही ते बघणारे सेन्सर आणि या सगळ्यांना हुकूम सोडणारा कंट्रोलर हे सगळं त्याच्याकडे. तो नोकरीला लागला तेव्हा पॅनेलमधे हे हुकूम पोचवणारे रिले कटकट वाजत असत. पुढे ते जाऊन संगणक आला, तेव्हा त्याच्या बरोबरीच्या दोघांनी सरळ दुसरी नोकरी धरली. टेस्टर मात्र घरी जेवणाच्या टेबलावर पुस्तकं पसरून बसला आणि बायकोच्या शिव्या खात खात शिकला.

त्याचा हात थरथरायला लागला त्याला आता वर्ष होत आलं. नेमकं कधी सुरू झालं, हे त्यालाही सांगता आलं नसतं. एकदा मीटरच्या दोन काड्या टर्मिनलवर टेकवल्या तर आकडा उड्या मारायला लागला. त्याला वाटलं, मीटर बिघडला. त्याने मीटरचा सेल बदलला, काड्या बदलल्या, शेवटी फिटरच्या नावाने ओरडून दुसरा मीटर मागवला. आकडा उड्या मारतच राहिला. मग त्याचं लक्ष आपल्या बोटांकडे गेलं आणि त्याने घाईघाईने मीटर बंद करून टाकला.

तो एवढा घाबरला याला कारण होतं. त्याच्या वडिलांचं केस कापायचं दुकान होतं. एक खुर्ची, एक मोठा आरसा आणि मागे गिऱ्हाइकांसाठी बाक. शाळा सुटली की टेस्टर त्या बाकावर बसून अभ्यास करी. तो दहावीत असताना वडिलांचा उजवा हात थरथरायला लागला. आधी दाढीची गिऱ्हाइकं गेली, मग केसांची. कुणी भांडलं नाही, कुणी तक्रार केली नाही. वर्षानुवर्षांची ओळखीची माणसं फक्त समोरच्या बाजूने जायला लागली, मान जरा वळवून. वडील दारात उभे राहून बघत असत. मग एक दिवस दुकान बंद झालं. त्यानंतर वडील पुष्कळ वर्षं जगले, पण पुढे स्वतःच्या हाताने घास घेणंही त्यांना जमेना. डॉक्टरांनी त्या रोगाचं जे नाव सांगितलं होतं ते घरात कुणी फारसं उच्चारलं नाही.

त्यामुळे टेस्टरने स्वतःपुरता निकाल लावून टाकला. बापाचं नाक आलं, बापाचं टक्कल आलं, आता बापाचा हातही आला. डॉक्टरकडे जायचा विचार मनात येई, पण हात दाखवून अवलक्षण कशाला, असं म्हणून तो पुढे ढकली. जे आहे ते लपवता येईल तितकं लपवायचं, एवढंच त्याने ठरवलं.

आणि लपवण्यात तो चांगलाच तरबेज झाला. चहा मागताना "अर्धाच दे" म्हणायचं. स्क्रू पिळताना कोपर पॅनेलच्या दाराला टेकवायचं. बारीक काम निघालं की चष्मा विसरायचा. संगणकावरचं काम त्याला जमत होतं, कारण कळ दाबताना बोट थरथरलं तरी प्रोग्रॅमला ते कळत नाही. पण नस तुटली की ती हातानेच जोडावी लागते. अशा वेळी त्याची कानशिलं तापत आणि पाठीवरून घाम वाहत असे.

घरीही सगळं बिनसत चाललं होतं. आधी तो शांत स्वभावाचा होता. आता भांडं पडलं तरी अंगावर धावून जाई. थंडीच्या दिवसांतही त्याला पंखा फुल्ल लागे. बायको दोन पांघरुणांत गुंडाळून झोपे आणि सकाळी शिंकत उठे. पट्ट्याला त्याने खिळ्याने एक नवीन भोक पाडलं, नंतर आणखी एक. बायकोने विचारलं तर म्हणाला, कामाच्या काळजीने माणूस झिजतो. त्यावर ती म्हणाली होती, की काळजीने झिजणारा माणूस तीन-तीनदा वाढून घेत नाही. एरवी त्याला हसू आलं असतं. त्या दिवशी तो ताटावरून उठून गेला.

असे महिने गेले. मग एका सकाळी लाइन बंद पडली.

टोपण बसवायच्या टप्प्यावरची मोटर चालू-बंद करणारा कॉन्टॅक्टर जळला होता. काम तसं नेहमीचंच. टेस्टरने मेन स्विच बंद केला, त्याला आपलं लाल कुलूप घातलं आणि किल्ली खिशात टाकली. ते कुलूप ज्याने घातलं त्यानेच काढायचं, असा नियम होता, म्हणजे माणूस आत असताना चुकून कुणी करंट सोडत नाही. जुना कॉन्टॅक्टर काढून त्याने नवा बसवला. एकेक वायर लावत शेवटच्या टर्मिनलपाशी आला. त्याचा स्क्रू जरा आटे धरत नव्हता म्हणून त्याने तो बाहेर काढून पुन्हा लावायला घेतला, आणि तेवढ्यात हात उडाला.

स्क्रू पडल्याचा आवाज त्याने ऐकला. एकदा टिण, थोडं खाली आणखी एकदा टिण. तिसरा आवाज, पॅनेलच्या तळाला पडल्याचा, आलाच नाही.

कॉन्टॅक्टरच्या खाली चार ड्राइव्ह एका ओळीत बसवलेले होते. मोटरचा वेग कमी-जास्त करणाऱ्या या पेट्या. आत गरम होतात म्हणून वरच्या बाजूला जाळी असते, आणि जाळीच्या फटी स्क्रूपेक्षा थोड्या मोठ्या असतात. स्क्रू आत पडलेला असताना करंट सोडला तर काय होईल, हे टेस्टरला कुणी सांगायला नको होतं.

त्याने तळ चाचपला, वायरींच्या खोबणी उघडून बघितल्या, बॅटरी मारून कोपरे बघितले. स्क्रू नाही. तेवढ्यात उत्पादन विभागाच्या मॅनेजरबाई आल्या. माल न्यायला ट्रक दारात उभा होता आणि त्यांचा फोन सारखा वाजत होता. त्यांनी किती वेळ लागेल ते विचारलं. टेस्टरच्या मनात सरळ सरळ आलं, की झालं म्हणावं. बहुतेक तो कुठेतरी खाली अडकला असेल. हजारात एखादाच स्क्रू नेमका फटीत जातो.

"मॅडम, आत स्क्रू पडलाय," तो म्हणाला. "तो सापडल्याशिवाय मी कुलूप काढणार नाही."

बाईंच्या मागे उभ्या असलेल्या सुपरवायझरने म्हणून बघितलं, की एवढासा स्क्रू, तळाशी कुठेतरी गेला असेल. बाईंनी पॅनेलकडे बघितलं, मग टेस्टरच्या चेहऱ्याकडे बघितलं. फोन बंद करून खिशात टाकला आणि म्हणाल्या, "शोधा. ट्रकचं मी बघते."

फिटर लोहचुंबकाची दांडी घेऊन आला. दोघांनी मिळून एकेक ड्राइव्ह उतरवला, झाकण उघडलं, उलटा केला, हलवला, आत चुंबक फिरवला. पहिल्यात काही नाही. दुसऱ्यात नुसती धूळ. तिसऱ्यात पंख्याच्या खाली, सर्किटच्या दोन पट्ट्यांना चिकटून, स्क्रू आरामात पडला होता. फिटरने तो चुंबकाने अलगद उचलला आणि टेस्टरच्या तळहातावर ठेवला. तळहात असा हलत होता की स्क्रू पुन्हा पडायची वेळ आली.

मग ड्राइव्ह परत बसवायचे होते. टेस्टरने स्क्रूड्रायव्हर उचलला, तर फिटरने तो त्याच्या हातातून काढून घेतला. कुठली वायर कुठे, ते टेस्टर सांगत गेला आणि फिटर पिळत गेला. दुपारी लाइन सुरू झाली. बाई म्हणाल्या, बरं झालं शोधलात, नवीन ड्राइव्ह यायला दीड महिना लागला असता.

जेवणाच्या सुट्टीत फिटर त्याला कॉम्प्रेसरच्या खोलीमागे घेऊन गेला. तिथे आवाजामुळे कुणी बसत नसे.

"हात दाखव," फिटर म्हणाला.

टेस्टरने हात खिशात घातले. "कधीपासून दिसतंय तुला?"

"दोनेक महिने झाले असतील."

"आणि बोलला नाहीस."

फिटर चिंधीने बोटांचं तेल पुसत राहिला. मग त्याने सांगितलं, की टेस्टरने लावलेले सगळे स्क्रू तो दुपारी पुन्हा एकदा पिळून ठेवत होता. कुणाच्या लक्षात येऊ नये म्हणून डबा लवकर संपवून जायचा. मित्र आहेस, मानी आहेस, तूच काही बोलत नाहीस तर मी कसा विषय काढू, असं त्याचं म्हणणं होतं.

टेस्टरला याचा राग यायला नको होता, पण आला. त्याने आयुष्यात कुणालाही न सांगितलेलं वाक्य तो बोलून गेला. "माझ्या वडिलांची गिऱ्हाइकंसुद्धा अशीच चांगली माणसं होती. कुणी काही बोललं नाही त्यांना."

फिटरला वडिलांची गोष्ट माहीत नव्हती. कॉम्प्रेसर धडधडत होता आणि त्या आवाजात टेस्टरने ती त्याला थोडक्यात सांगितली. फिटरने ऐकून घेतलं. चिंधी घडी करून खिशात ठेवली.

"बरं, मग मी आता बोलतो," तो म्हणाला. "तू उद्यापासून पॅनेलमधे हात घालायचा नाहीस. आणि डॉक्टरकडे जायचं. नाही गेलास तर मी मॅडमना सांगणार."

"तू नको सांगूस. मीच सांगतो."

आणि तो खरंच बाईंकडे गेला. त्याला वाटलं होतं, बाई खुर्चीत मागे रेलतील, नियम सांगतील, वरच्यांना कळवतील. बाईंनी नियम सांगितला, तो त्यालाही पाठ होता. डॉक्टरचं काय ते कळेपर्यंत करंटच्या कामाला हात लावायचा नाही. मग त्या म्हणाल्या, की नव्या पॅकिंग मशीनचा प्रोग्रॅम तीन महिने रखडलाय, तुम्हाला वेळ नाही म्हणून, आता आहे. टेस्टर बाहेर आला तेव्हा त्याला कळलं, की आपण किती महिने श्वास अर्धाच घेत होतो. रोग होता तिथेच होता, पण लपवायचं काम संपलं होतं, आणि ते काम नोकरीपेक्षा जड होतं.

संध्याकाळी घरी बायको वाळलेले कपडे पलंगावर टाकून घड्या करत होती. तो तिच्यासमोर बसला आणि त्याने तिला सगळं सांगितलं. हात पुढे करून दाखवला. ती घड्या करत राहिली. एक शर्ट तिने तीनदा घडी करून तीनदा मोडला.

"म्हणजे हात थरथरतोय," ती म्हणाली. "एवढंच?"

"एवढंच काय? बाबांचं काय झालं होतं, माहीत आहे ना तुला?"

"मला वाटलं, तुमचं माझ्यावरून मन उडालं." आणि शर्ट तोंडाला लावून ती रडायला लागली. गेले कित्येक महिने हा माणूस शेजारी बसत नव्हता, तिच्या हातचा चहा घेत नव्हता, रस्त्याने चालताना दोन पावलं पुढे पळत होता. तिने याचे नाही नाही ते अर्थ लावले होते. एक तर ऑफिसातली कुणीतरी आहे असा होता, आणि ती कोण असेल, हेही तिने मनात ठरवून ठेवलं होतं. मॅनेजरबाईंचं नाव ऐकून टेस्टरला एवढ्या वाईट वेळीही हसू फुटलं. मग तीही नाक पुसत हसली, आणि उठून तिने त्याच्या थोरल्या बहिणीला फोन लावला.

बहीण त्याच गावात राहायची. वडिलांचं शेवटपर्यंत सगळं तिनेच केलं होतं. दुसऱ्या दिवशी ती दवाखान्याच्या दारात आधीच येऊन उभी होती. टेस्टर म्हणाला, ताई, तू कशाला आलीस. ती म्हणाली, तुला बोलता येत नाही म्हणून.

डॉक्टर म्हातारे होते आणि कमी बोलणारे. त्यांनी काय होतंय ते विचारलं, तर टेस्टर म्हणाला, उजवा हात जरा थरथरतो. बस्स. यापुढचं सगळं बायकोने सांगितलं. पंखा, पांघरुणं, पट्ट्याची भोकं, भूक, चिडचिड, झोप नाही, जिना चढला की छातीत धडधड. टेस्टरला आश्चर्य वाटत होतं, की ही बाई हाताबद्दल बोलायचं सोडून घरातली गाऱ्हाणी काय सांगत बसली आहे. डॉक्टर मात्र प्रत्येक गाऱ्हाण्याला मान हलवत होते.

"आणि डावा?" त्यांनी विचारलं.

डाव्या हाताकडे टेस्टरने कधी बघितलंच नव्हतं. डॉक्टरांनी त्याला दोन्ही हात समोर ताठ धरून बोटं पसरायला सांगितली आणि पॅडचा एकेक कोरा कागद काढून दोन्ही हातांच्या बोटांवर ठेवला. दोन्ही कागद सारखेच फडफडायला लागले, बारीक आणि भराभर. बहीण पुढे वाकून ते बघत होती.

"वडिलांचा हात असाच थरथरायचा?" डॉक्टरांनी तिला विचारलं.

"नाही," बहीण म्हणाली. तिने थोडा विचार केला. "बाबांचा एकच हात, निदान पहिली काही वर्षं. आणि तो स्वस्थ बसले की जास्त हलायचा. मांडीवर ठेवला की हलायचा, सावकाश, काहीतरी चोळत असल्यासारखा. काही धरायला गेले की उलट सुरुवातीला थांबायचा. हे असं पाखरासारखं नव्हतं."

डॉक्टरांनी त्याची नाडी बघितली, डोळ्यांची पापणी खाली ओढून बघितली, मग पाण्याचा घोट घ्यायला लावून गळ्याकडे बघत राहिले. दोन बोटांनी गळा चाचपला. आणि मग खुर्चीत बसून पेनाचं टोपण काढत म्हणाले, "हा तुमच्या वडिलांचा हात नाही. हा तुमचाच आहे."

त्यांना वाटत होतं, की ही थायरॉइडची गडबड आहे. गळ्यातली ती ग्रंथी गरजेपेक्षा जास्त काम करायला लागली, की सगळं शरीर धावत सुटतं. वजन उतरतं, घाम येतो, माणूस चिडतो, हात थरथरतात. रक्त तपासू, म्हणजे नक्की कळेल. टेस्टरने विचारलं, म्हणजे मोटर जास्त वेगात चाललीय असं का. डॉक्टर म्हणाले, तसं समजा हवं तर. बायकोने विचारलं, पंखासुद्धा त्यामुळेच का. डॉक्टर पहिल्यांदा हसले आणि म्हणाले, पंखासुद्धा त्यामुळेच.

रक्त देऊन तिघं प्रयोगशाळेच्या बाहेरच्या बाकावर बसली. टेस्टरच्या दंडाला कापूस दाबून धरलेला. नक्की काही कळलेलं नव्हतं, म्हणून त्याने स्वतःला आनंद होऊ दिला नव्हता. तो बहिणीला म्हणाला, की खरं सांगू का, रोगापेक्षा मला ते दुकान आठवायचं. बाबांना एकाही माणसाने तोंडावर सांगितलं नाही. असं हळूहळू सगळ्यांनी सोडून जायचं, हे मला नको होतं.

बहीण त्याच्याकडे वळली. "कुणी सांगितलं तुला, सोडून गेले म्हणून?"

"मी बघत होतो ना बाकावरून."

"तू दुपारनंतर यायचास. शेवटच्या दिवशी सकाळी मी होते दुकानात, बाबांचा डबा घेऊन गेले होते." आणि मग तिने सांगितलं. त्या सकाळी एक जुनं गिऱ्हाईक दाढीला बसलं होतं. मुद्दाम आलं होतं, इतर येत नाहीत म्हणून. अर्धी दाढी झाली आणि बाबांनी वस्तरा खाली ठेवला. त्या माणसाने डोळे मिटूनच घेतले होते. बाबांनी त्याला हलवून उठवलं, गळ्यातला टॉवेल तसाच राहू दिला, आणि अर्ध्या गालाला फेस लावलेल्या त्या माणसाला हाताला धरून पुढच्या गल्लीतल्या दुकानात नेलं. तिथल्या माणसाला म्हणाले, "याची तू पुरी कर. आणि माझी बाकीची गिऱ्हाइकंही तुझीच." परत येऊन त्यांनी स्वतः शटर ओढलं. घरी येईपर्यंत ते रस्त्यात भेटेल त्याला सांगत होते, मी दुकान बंद केलं. "रडले वगैरे नाहीत," बहीण म्हणाली. "जेवून दुपारी गाढ झोपले. कितीतरी दिवसांनी. तू शाळेतून आलास तेव्हा झोपलेलेच होते, आठवत नाही तुला?"

टेस्टरला आठवत नव्हतं. त्याला फक्त समोरच्या बाजूने जाणारी माणसं आठवत होती. तीही खोटी नव्हती. पण बाबांनी वस्तरा स्वतः खाली ठेवला होता, हे त्याला एवढ्या वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं, कारण त्याने कधी विचारलं नव्हतं. तो बराच वेळ कापूस दाबून बसला. रक्त केव्हाच थांबलं होतं.

रिपोर्ट आला तेव्हा डॉक्टरांचं म्हणणं खरं निघालं. थायरॉइडच. आकडे बरेच वर गेले होते. डॉक्टरांनी दोन गोळ्या लिहून दिल्या, एक धडधड आणि थरथर लवकर उतरवणारी, दुसरी ग्रंथीला ताळ्यावर आणणारी. ही दुसरी बरेच महिने घ्यावी लागेल, मधे मधे रक्त तपासावं लागेल, आणि काही जणांना पुन्हाही होतं, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. पण हात जाणार नाही. टेस्टरचा जीव भांड्यात पडला म्हणणं कमीच आहे. दवाखान्याच्या पायऱ्या तो दोन-दोन एकदम अशा उतरला, की बायकोला वाटलं, हाही थायरॉइडच. तो म्हणाला, नाही, हा मीच.

त्यानंतर काही दिवस त्याने लोकांना वैताग आणला. भेटेल त्याला हसत हसत सांगे, मला थायरॉइड आहे. वॉचमनला सांगितलं, कॅन्टीनवाल्याला सांगितलं. कॅन्टीनवाल्याने अभिनंदन करावं की वाईट वाटून घ्यावं, हे न कळून त्याला बिस्किटाचा एक पुडा फुकट दिला. फिटरने ऐकून घेतलं, "मग झालं तर," एवढंच म्हणाला, आणि तोंड फिरवून पाना शोधायला लागला. पाना त्याच्या हातातच होता.

सगळं एका गोळीत सुधारलं असं नाही. थरथर आठवड्याभरात पुष्कळ उतरली, पण वजन भरायला वेळ लागला. पहिल्या महिन्यात आकडे हवे तेवढे उतरले नाहीत, तेव्हा पुन्हा दोन दिवस त्याचं तोंड काळवंडलं. चिडचिड मात्र आपोआप गेली. एक दिवस बायकोच्या हातून वाटी फुटली आणि तो वर्तमानपत्र वाचत राहिला, तर तिनेच आतून विचारलं, ऐकू आलं ना?

या मधल्या काळात त्याने पॅकिंग मशीनचा प्रोग्रॅम पुरा केला. डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन तो बाईंकडे गेला, तेव्हा त्यांनी त्याला आधी एका बंद, करंट नसलेल्या पॅनेलवर दिवसभर काम करायला लावलं आणि फिटरला म्हणाल्या, तुम्ही बघा. फिटरने खुर्ची टाकून बघितलं. दुपारपर्यंत त्याने चार चुका काढल्या, त्यातल्या दोन खोट्या होत्या. टेस्टर त्याला म्हणाला, की आता तरी माझ्यामागून स्क्रू पिळत फिरू नकोस. फिटर म्हणाला, ते मी कधीच सोडलं, डबा भराभर गिळावा लागायचा.

पॅकिंग मशीन सुरू झालं त्या दिवशी टेस्टर वेळेवर घरी निघाला. बसमधे खिडकीची जागा मिळाली. दोन स्टॉप गेले असतील, आणि त्याला जी झोप लागली ती लागलीच. घराचा स्टॉप गेला, बाजार गेला, पूल गेला. शेवटच्या स्टॉपवर कंडक्टरने खांदा हलवून उठवलं, तेव्हा आपण कुठे आहोत हेच त्याला कळेना. बाहेर एक मोठं मैदान होतं, कडेला बाकं होती आणि काही माणसं सावकाश फिरत होती. एवढी वर्षं तो या बसने जात होता, पण ती पुढे कुठे जाते, हे त्याने कधी बघितलं नव्हतं.

त्याने बायकोला फोन केला आणि झोप लागली, असं सांगितलं. त्याला वाटलं, ती रागावेल.

"तिथे बसायला जागा आहे का?" तिने विचारलं.

"आहे. बाकं आहेत."

"मग तिथेच थांबा. पुढच्या बसने मी येते."

तो एका बाकावर जाऊन बसला. वारं छान सुटलं होतं. बस वळून परत गेली आणि तो पुढच्या बसची वाट बघत राहिला.